समोरची आत्या

माझ्या मेतकूट-भाताचा पराभव झाला तेव्हा मार्च महिना होता. भावजयीला दिवस गेले होते आणि तिच्या पोटात काही म्हणजे काही ठरत नव्हतं. पाणी प्यायली तरी बेसिनकडे धावायची. तिच्या आईचे गुडघे गेलेले, नांदेडहून ती येऊ शकणार नव्हती. आमची आई तर केव्हाच गेली. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं की या पोरीची आई मी, सासूही मी, आणि येणाऱ्या बाळाची आत्या तर मी होतेच. सकाळी लवकर उठून मऊ भात टाकला, नाशिकहून आणलेल्या मेतकुटाची बरणी उघडली, वर साजूक तूप सोडलं आणि डबा घेऊन जिना चढले.

भावाचं दार उघडंच होतं. ओट्यापाशी एक उंच, धिप्पाड बाई पाठमोरी उभी राहून माझ्या भावाच्या पातेल्यात लाकडी चमच्याने काहीतरी घोटत होती. भावजय टेबलाशी बसून वाटीतून पांढरी पेज खात होती. खात होती म्हणजे खरोखर खात होती. मक्याच्या पिठाची पेज, त्यात शेंगदाण्याचं लोणी कालवलेलं. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"ताई, हे बघा, बसायलंय पोटात," ती म्हणाली.

मी बरं म्हणाले. डबा पिशवीतून बाहेर काढलाच नाही. दुपारी लुसैलच्या ऑफिसात तो भात मी एकटीने खाल्ला, गार झालेला, वर तूप थिजलेलं. त्या दिवसापासून ती बाई माझ्या डोक्यात जाऊन बसली.

आमचं बिऱ्हाड कतारमध्ये, दोह्याच्या फरीज बिन ओमरान वस्तीत, एकाच इमारतीत होतं. तळमजल्यावर एका खोलीत मी, वर भाऊ आणि भावजय. दोह्यात आधी आले मी. भावाला इथे आणला मी, त्याची पहिली मुलाखतसुद्धा मीच ठरवून दिली. लग्न मी केलं नाही, आणि का नाही केलं हे विचारणारे आता थकले आहेत. मला माझं काही कमी वाटत नव्हतं. भावाचं घर होतं, आणि आता त्या घरात पाळणा हलणार होता.

फक्त वेळ नव्हता. वर्ल्ड कप तोंडावर आलेला. आमची कंपनी ट्रामच्या स्टेशनांवर लागणाऱ्या पाट्यांचं काम करत होती आणि त्या पाट्यांच्या ड्रॉइंगांची कुठली आवृत्ती शेवटची हे सांभाळणं माझं काम. अरबी वर की इंग्रजी वर, बाण डावीकडे की उजवीकडे, यावर साहेब लोक रोज भांडायचे आणि रोज नवी आवृत्ती निघायची. सकाळी उजाडताना निघायचं, अंधार पडल्यावर यायचं. सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा फोन वाजायचा.

आणि समोरची सकाळभर मोकळी. मी तिला समोरचीच म्हणायचे, कारण ती भावाच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तिच्या दोन मैत्रिणींबरोबर राहत होती. झिंबाब्वेची. लुसैलमध्येच एक नवं हॉटेल वर्ल्ड कपसाठी तयार होत होतं, तिथे खोल्यांची साफसफाई करणाऱ्या बायकांवर ती सुपरवायझर होती. तिची ड्युटी दुपारी सुरू व्हायची. म्हणजे मी ज्या वेळात मेट्रोत बसून भावजयीला "काही खाल्लंस का" असा मेसेज टाकायचे, त्या वेळात ही बया तिच्या समोर बसून तिला चारत असायची.

तिची मला आणखी एक गोष्ट खटकायची. मी जिन्यात भेटले की ती गुडघ्यांत वाकायची, नजर खाली घालायची आणि दोन्ही हातांची ओंजळ आडवी करून पोकळ टाळ्या वाजवायची, हळूहळू, एकामागून एक. भावजयीने मला समजावलं की मोठ्या माणसाला त्यांच्याकडे बायका असाच नमस्कार करतात, पुरुषांची टाळी सरळ तळव्यांची असते, बायकांची पोकळ. ती माझ्याहून जेमतेम दोन-चार वर्षांनी लहान असेल. मी म्हटलं, मला म्हातारी ठरवायची ही चांगली युक्ती आहे.

मे महिन्यापर्यंत भावाच्या फ्रिजवर झिंबाब्वेचा नकाशा लागला होता. भावजय स्वयंपाक करता करता मला त्यातल्या जागा दाखवायची. वरच्या अंगाला एक मोठी नदी, खालच्या अंगाला दुसरी, मध्ये देश. चहूबाजूंनी जमीन, समुद्र कुठेच नाही. वरच्या नदीचा धबधबा एवढा मोठा की त्याचे तुषार लांबून धुरासारखे दिसतात. समोरचीचं गाव मात्र नदीपासून दूर, ग्रॅनाइटच्या टेकड्यांमध्ये, जिथे एकावर एक असे धोंडे तोललेले आहेत की पाहणाऱ्याला वाटावं आत्ता पडतील, आणि ते पडत नाहीत. जवळच जुन्या राजांची दगडी तटबंदी आहे, चुना-माती न लावता नुसता दगडावर दगड रचलेली. पावसाआधी तिथल्या रानातली झाडं लाल पालवी फोडतात आणि सगळा डोंगर तांबडा दिसतो.

हे सगळं भावजय मला सांगत होती आणि माझा तिळपापड होत होता. मी नाशिकची, ती नांदेडची, म्हणजे एकाच गोदावरीच्या काठच्या आम्ही दोघी. लग्न झाल्यावर मी तिला त्र्यंबकला नेलं होतं, गोदावरी कुठे उगम पावते ते दाखवायला, तेव्हा या पोरीने पायऱ्यांवर बसून जांभया दिल्या होत्या. आता आफ्रिकेतल्या नद्या तिला तोंडपाठ.

गुरुवारची तर वेगळीच तऱ्हा. भावजयीचा दत्ताचा गुरुवार असायचा, डॉक्टरने उपवास बंद करायला लावला होता म्हणून ती हिरमुसली होती. समोरचीचाही गुरुवार निघाला. तिच्या चर्चच्या बायका गुरुवारी एकत्र जमून प्रार्थना करतात, लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी घालून. गुरुवारी सकाळी ती तशी सजून कुठल्याशा बाईच्या घरी जायची, परतताना भावजयीकडे यायची आणि मग दोघी आपापल्या देवाचं नाव घेऊन लिंबाचं सरबत प्यायच्या. ती चर्चला जायची, पण घरात काही महत्त्वाचं घडलं की आपल्या गेलेल्या आजोबा-पणजोबांनाही सांगायची, तुमची परवानगी असू द्या म्हणून. भावजय म्हणाली, आपल्या पितरांसारखंच आहे की ताई. मी म्हटलं, आपल्याकडे पितरांना पंधरवडा ठरवून दिलेला आहे, असं उठसूट कुणी बोलावत नाही.

मग देवकाचा शोध लागला. त्यांच्यातही प्रत्येक कुळाला एक देवक असतं, फक्त ते प्राण्याचं. सिंह, माकड, मासे खाणारा गरुड. आपल्या देवकाचं मांस खायचं नाही, एकाच देवकात सोयरीक करायची नाही, आणि माणसाला मान द्यायचा असला की त्याच्या देवकाच्या नावाने हाक मारायची. समोरचीचं देवक म्हणजे बैलाएवढं एक मोठं हरीण, आणि त्या देवकाच्या बायका नवऱ्याचंसुद्धा ऐकत नाहीत अशी त्या देशभर ख्याती आहे. हे ऐकून भावजय पोट धरून हसली. आमचं देवक पंचपल्लव, पाच झाडांची पानं. ते लग्नात आणतात तेव्हा मान कुणाचा, कोण पुढे, यावरून आमच्या घरात केवढं रामायण झालं होतं ते मी तिला किती वेळा सांगितलं होतं. पण माझ्या पाच पानांना त्या हरणाची सर येईना.

आणि एके दिवशी मी वर गेले तर भावजय तिला "तेते" म्हणत होती. तेते म्हणजे काय, तर आत्या. त्यांच्याकडे आत्येचं फार मोठं प्रस्थ असतं हे भावजय मला रंगवून सांगायला लागली. मुलगी वयात आली की तिला समजावणार तेते. मुलीला कुणी मुलगा आवडला की तो आधी तेतेकडे येणार, बापाला रस्त्यात भेटला तरी बापाने त्याला ओळखायचं नाही. नवऱ्याकडचे मागणी घालायला आले की चटईवर पुढे तेते बसणार, आणि मुलीला विचारणार तीच, की बाई, या लोकांना तू ओळखतेस का. समोरचीच्या भावाच्या मुलीचं असंच ठरत होतं, ऑक्टोबरात मागणीचा कार्यक्रम होता आणि त्यात ही मुख्य. बाईमाणसाला परक्याने आदराने तेते म्हटलं तरी चालतं, म्हणून भावजय म्हणत होती.

मी खरीखुरी आत्या, समोर उभी. मला आजवर कुणी रंगवून सांगितलं नव्हतं की आत्या म्हणजे काय. मी चहा न घेताच खाली आले.

त्याआधी एप्रिलच्या शेवटी, उन्हाळा अंगावर यायच्या आत, आम्ही समैस्माच्या किनाऱ्यावर गेलो होतो. बेत माझा, सुट्टी माझी, गाडी भावाची, आणि भावजयीने ऐन वेळी समोरचीला बरोबर घेतलं, कारण तिने समुद्रात कधी पाय घातला नव्हता. ओहोटीची वेळ होती, पाणी लांबवर गुडघ्याएवढं. मी भावजयीला हात द्यायला पुढे झाले तर तिचा हात समोरचीच्या हातात होता. दोघी पाण्यात चालत लांब गेल्या. समोरची मध्येच थांबली, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं, थुंकलं आणि इतकी हसली की किनाऱ्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. भावजयही हसत होती. मी वाळूत चपला राखत बसले होते. भाऊ म्हणाला, तू पण जा की. मी म्हटलं, मला पाण्याचं कौतुक नाही.

जुलैत कापडाचं झालं. बाळंतिणीसाठी मऊ सुती कापड घ्यायला मी भावजयीला शुक्रवारी सूकच्या बाजारात नेणार होते. शुक्रवारी ऑफिसातून फोन आला की एका स्टेशनवर बाण उलटे लागलेत. मी लुसैलला धावले. संध्याकाळी परत आले तर भावजयीच्या सोफ्यावर सुती कापडाचे तागे पसरलेले आणि त्यांच्या शेजारी एक गडद निळं कापड, त्यावर पिवळ्या पक्ष्यांचे थवे. समोरचीने ते भाचीच्या कार्यक्रमासाठी घेतलं होतं. त्याचा झगा शिवणार, उरलेल्याचं डोक्याला बांधणार. रंग भावजयीने निवडला होता.

"ताई, यात तेते कशा दिसतील सांगा," तिने मला विचारलं.

मी म्हटलं, छानच दिसेल. दिसणारही होती छान, तेच तर मला सहन होत नव्हतं.

पण खरी चूक माझी झाली ती सप्टेंबरात. आमच्या नाशिककडे राग आला की माणूस सरळ बोलत नाही, टोमणा मारतो. टोमण्याचा अर्थ उलटा घ्यायचा असतो हे आमच्याकडे लहान पोरांनाही कळतं. "राहू दे, मी कोण लागते" असं आईने म्हटलं की आम्ही धावत जाऊन तिचे पाय चेपायचो. भावजय नांदेडची. तिच्याकडे बोलायचं ते तोंडावर बोलतात आणि ऐकायचं तेही तसंच ऐकतात. एवढी वर्षं हे मला ठाऊक होतं, पण त्या संध्याकाळी विसरले.

मी वर गेले तेव्हा समोरची पाळण्याची दोरी ओवत बसली होती. म्हणजे पाळणा असा नव्हताच, दुकानातला लाकडी क्रिब होता, त्याला वरून दोरी बांधून झोके देता येतील असं काहीतरी ती करत होती. माझ्या भाच्याचा किंवा भाचीचा पाळणा. भावजयीने सहज विचारलं की ताई, बारशाला तुम्हाला सुट्टी मिळंल ना. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्येने. त्याकरता मी कित्येक महिने वाट बघत होते. आमच्या ऑफिसात तेव्हा सगळ्यांच्याच सुट्ट्या बंद झाल्या होत्या, तरी मी साहेबांशी भांडून बारशासाठी एका दिवसाची सुट्टी आधीच पक्की करून ठेवली होती. हे सांगायचं सोडून माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"मी कशाला? तुझ्या तेतेलाच सांग की नाव ठेवायला," मी म्हटलं.

भावजय म्हणाली, "खरंच चालंल तुम्हाला?"

आता मागे कसं यायचं? मी म्हटलं, चालेल की, त्यात काय. तिचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाली, ताई, तुमचं मन लई मोठं आहे. आणि लगेच समोरचीकडे वळून तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. समोरचीचा हात दोरीवरच थबकला. तिने माझ्याकडे पाहिलं, पण हसली नाही. तिला किती आनंद झाला असेल या विचाराने मी आतल्या आत जळाले.

भाऊ घरी आल्यावर त्याला जिन्यात गाठून मी आडून आडून सुचवलं. तो म्हणाला, "तूच म्हणालीस ना? मग?" पुरुषांना काही कळत नाही. जो भाऊ माझा हात धरून चालायला शिकला, त्याच्या पहिल्या लेकराच्या कानाला दुसऱ्याच बाईचं तोंड लागणार, आणि तो मला विचारतो की मग काय झालं.

पुढचे आठवडे वाईट गेले. शहरभर झेंडे लागत होते, समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरचं मोठं घड्याळ वर्ल्ड कपला उरलेले दिवस उलटे मोजत होतं, ऑफिसातले सगळे त्याच्याकडे बघून घाबरायचे. मी मात्र बारशाला किती दिवस उरले तेवढंच बघत होते. रात्री अंथरुणावर पडलं की मला ते चित्र दिसायचं. पाळण्यावर ओणवी झालेली ती उंच बाई, आणि मी मागच्या रांगेत घुगऱ्यांची ताटली धरून. समोरचीचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. तिची बदली व्हावी, एवढंच वाटायचं.

ऑक्टोबरात मुलगी झाली. दवाखान्यात मी तिला मांडीवर घेतलं तेव्हा तिने माझं बोट धरलं आणि सोडेना. नर्स म्हणाली, सगळी बाळं असंच करतात. बाराव्या दिवशी शनिवार येत होता, बारसं तेव्हाच ठरलं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, माझ्या दाराची बेल वाजली. बघते तर समोरची. हातात झाकलेलं ताट. ती माझ्या खोलीत यापूर्वी कधी आली नव्हती, मी बोलावलंच नव्हतं. मी खुर्ची पुढे केली, पण ती बसली जमिनीवर, पाय एका बाजूला दुमडून. ताट माझ्या पुढे सारलं. आणि टाळ्या वाजवायला लागली, तीच पोकळ टाळी, सावकाश, मान खाली घालून. मला काय करावं कळेना. ती खाली आणि मी खुर्चीवर हेही बरं दिसेना, म्हणून मीही खाली बसले.

"तेते," ती म्हणाली.

मी म्हटलं, तेते मी नाही, तेते तुम्ही. आमचं बोलणं इंग्रजीतच चाललं होतं.

ती म्हणाली, "मी माझ्या भावाच्या घरी तेते. या घरात मी शेजारीण. इथल्या तेते तुम्ही, म्हणून तर पहिल्या दिवसापासून तुमच्या पुढे वाकते."

मग तिने सांगितलं की त्यांच्याकडे आत्या म्हणजे बापच, फक्त बाईच्या रूपातला. त्यांच्या देशात दुसरी एक भाषा बोलतात, तिच्यात तर आत्येला शब्दच तसा आहे, बाई असलेला बाप. भाऊ नसला तर घरातलं शेवटचं बोलणं तिचं. ती आपली जागा कुणाला देत नाही. मेली किंवा फार लांब गेली, तरच तिच्या जागी दुसरी बसते. "तुमची भावजय सांगते की बाळाच्या कानात नाव सांगायचं काम तुम्ही मला दिलंत. मी त्या दिवशी तुमचा चेहरा पाहिला. म्हणून विचारायला आलेय. मनापासून दिलंत का?"

एवढ्या आठवड्यांत हा प्रश्न मला भावाने विचारला नव्हता, आणि भावजयीने विचारला तेव्हा मी खोटं बोलले होते. आताही मी हो म्हटलं असतं तर मोठ्या मनाची ठरले असते आणि प्रकरण तिथेच खलास.

"नाही," मी म्हणाले.

तिने जोरात मान डोलावली. चला, झालं, असं काहीतरी आपल्या भाषेत पुटपुटली. ताटावरचं फडकं काढलं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी. मग त्या दिवशी मी बोलले तसल्या बोलण्याला आमच्याकडे टोमणा म्हणतात, त्याचा अर्थ उलटा असतो, हे मी तिला समजावलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आम्ही एकाच ताटातून हाताने खाल्लं. चव बरी होती, आमच्या कण्यांसारखी. हे मी तिला सांगितलं नाही.

बोलता बोलता मी विचारलं की तुमच्या भाचीचा कार्यक्रम झाला का. ती म्हणाली, उद्या आहे. मी घास खाली ठेवला. हॉटेलने वर्ल्ड कप संपेपर्यंत कुणालाही देशाबाहेर सोडायचं नाही असं ठरवलं होतं, तिने तीनदा अर्ज केला आणि तीनदा परत आला. उद्या चटईवर तिच्या जागी तिची चुलत बहीण बसणार होती.

"बाई चांगली आहे," समोरची म्हणाली. "पण ती माझ्या जागी बसलेली मला बघवणार नाही. आठवडाभर माझी झोप उडालीय."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. या इमारतीत माझ्यासारखी जळणारी दुसरी बाई होती आणि ती बरोबर समोरच राहत होती. मी तिला आणखी भाजी वाढली, तिचीच. मग तिने विचारलं की उद्या तिने नेमकं काय करायचं, भावजयीला काय सांगायचं. मी म्हटलं, भावजयीशी मी बोलते. तुम्ही फक्त माझ्या पाठीशी उभ्या राहा. आत्या कानात नाव सांगायला वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात ते मला माहीत नाही, पण घालतात. ते तुम्ही करा.

"हे मला जमेल," ती म्हणाली.

भावजयीशी बोलले तेव्हा ती गोंधळलीच. "मग आधी तसंच सांगायचं की ताई," म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगेन.

शनिवारी घर माणसांनी भरलं. वरवंटा कुठून आणणार, म्हणून माझ्या खलबत्त्यातल्या बत्त्याला कुंची घालून तोच पाळण्याखालून-वरून फिरवला. मग बाळाला ठेवलं. मी ओणवी झाले. तिच्या कानाशी इतका मऊ वास येत होता की मी क्षणभर नावच विसरले. मग आठवलं, कुर्रर्र केलं, सांगितलं. आणि पाठीत धपाटे बसले. बाकीच्या बायकांचे होते हलके, रीत म्हणून. एक मात्र असा बसला की मी पाळण्याच्या कठड्यावर आपटता आपटता वाचले. वळून बघायची गरज नव्हती. त्यातला किती माझ्यासाठी होता आणि किती त्या चुलत बहिणीसाठी, ते मला कळलं.

घुगऱ्या वाटताना समोरची दिसेना. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, हातात फोन. मी शेजारी जाऊन उभी राहिले. फोनमध्ये लाल मातीचं अंगण होतं, मागे धोंड्यांची टेकडी, झाडाखाली चटया. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आणि सगळ्यांच्या पुढे एक बाई ऐटीत बसलेली. तिच्या अंगावर गडद निळा झगा होता, त्यावर पिवळ्या पक्ष्यांचे थवे, डोक्यालाही तेच कापड.

मी ते ओळखलं. समोरचीला विचारलं की हे कसं काय.

"तेतेने तिथे चांगलं दिसायला पाहिजे," ती म्हणाली. "मी जाणार नाही हे कळलं तेव्हा पाठवून दिलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तिला आखूड होतंय."

फोनमध्ये निळ्या झग्यातली बाई पुढे झुकली. समोर एक मुलगी मान खाली घालून बसली होती. बाईने तिला काहीतरी विचारलं. ते विचारत असताना समोरचीचे ओठ हलत होते, शब्दाला शब्द, आवाज न करता. मुलीने होकाराची मान हलवली, हळूच काहीतरी बोलली, आणि अंगणातल्या सगळ्या बायका एकदम उठल्या.

मी घुगऱ्यांची ताटली ओट्यावर ठेवली आणि समोरचीच्या पाठीत अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून एक धपाटा घातला.

ती दचकली. माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि मग जीभ हलवत अशी एक लांबलचक, उंच, आनंदाची किलकारी मारली की बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं आणि पाळण्यातलं बाळ रडत उठलं. आम्ही दोघीही धावलो. तिचे पाय लांब, ती पुढे निघाली होती, पण बाळाला मीच आधी उचललं.